पहिल्या पावसातले पिवळे बेडूक आणि 'रिसर्चसाठी' ५०० रुपये देणारा माणूस

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, व्हिडिओ तीनदा पाह्यला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, रस्त्यासाठी मुरूम काढलेला खड्डा रातोरात भरला आणि सकाळी त्यात हळद लावल्यासारखे पिवळे चाळीसपन्नास बेडूक ओरडत होते. तुमच्या पोराने व्हिडिओ काढला, तो गावात फिरला. मग कोणी म्हणालं हे विषारी आहेत, पोरांना जाऊ देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन आला की रिसर्च कंपनीला हेच बेडूक पाहिजेत, नगाला ५०० रुपये, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे २००० भरा. तुम्ही विचारता की विषारी आहेत का, रिसर्चला खरंच कामाचे आहेत का, आणि असतील तर द्यायला काय हरकत. पुतणी अकरावी सायन्सला आहे, ती म्हणते पुस्तकातला बेडूक हाच, तेही तुम्ही जाता जाता लिहिलं आहे.

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, पण तिकडे नंतर येऊ. आधी पैशाचं, कारण घाई त्याचीच दिसते. पैसे भरू नका. मांडुळाच्या नावावर आपल्याकडे किती लोक बुडाले ते तुम्हाला मी सांगायला नको, तेच सोंग आहे, फक्त सापाच्या जागी बेडूक आला. हा झाला एका ओळीचा जवाब, पण त्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण मनात राहीलच की बाप्पा, खरंच कंपनीला पाहिजे असला तर? म्हणून तो बेडूक काय आहे आणि रिसर्चवाले त्याचं काय करतात ते नीट सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

व्हिडिओत आहे तो बैलबेडूक. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, आणि तुमची पुतणी बरोबर आहे, पुस्तकात जो 'राना टायग्रीना' म्हणून छापतात तो हाच, नव्वदच्या दशकात त्याचं गोत्र बदललं पण पुस्तकं अजून जुन्याच नावाने हाक मारतात. भारतातला हा सगळ्यात मोठा बेडूक, तोंडापासून बुडापर्यंत सोळा सेंटीमीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाय धरायचेच नाहीत. एक 'पण' मात्र आहे. ह्याचा एक भाऊबंद आहे, होप्लोबॅट्रॅकस क्रॅसस, जरा गोलमटोल असतो, आणि व्हिडिओवरून शंभर टक्के सांगणं मला जमत नाही. मागच्या पायाच्या तळव्याला आतल्या बाजूने खुरप्याच्या पात्यासारखा मोठा कडक गठ्ठा असेल तर तो क्रॅसस, त्यानेच तो माती उकरतो. गठ्ठा लहान असेल आणि पाठीवर लांबलांब उभ्या वळ्या असतील तर टायगेरिनस. तुमच्या व्हिडिओत वळ्या दिसतात, म्हणून मी टायगेरिनस धरून बोलतो.

आता पिवळ्याचं. बारा महिन्यांतले साडेअकरा महिने हा प्राणी शेवाळी-तपकिरी असतो, पाठीवर काळसर डाग, बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, चिखलात बसला तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. पहिल्या मोठ्या पावसात फक्त नर पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन बाजूंच्या पिशव्या गडद निळ्या, फुगल्या की दोन जांभळं लावल्यासारख्या दिसतात. मादी आहे तशीच राहते. तुमच्या व्हिडिओत पिवळ्यांच्या मधात एक मोठी मातकट बसलेली आहे, जिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, ती मादी, आणि हा सगळा तमाशा तिच्यासाठी चालू आहे. एक-दोन दिवसांत रंग उतरतो, कधी त्याच दिवशी. म्हणून लोकांना वाटते की 'ते पिवळे' कुठून तरी आले आणि निघून गेले. कुठे गेले नाहीत, तिथेच आहेत, फक्त कपडे बदलले.

रंग इतक्या लवकर कसा बदलतो याचा एक चांगला अभ्यास आहे, पण तो ह्या बेडकावर नाही, आपल्या अंगणातल्या खरबरीत भेकावर आहे. त्याचेही नर पहिल्या पावसात पिवळसर होतात. २०२२ साली व्हिएन्नाच्या काही संशोधकांनी दाखवलं की ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं टोचली की नर काही मिनिटांत पिवळा पडतो. म्हणजे जे रसायन घाबरल्यावर आपल्या छातीत धडधड करवते तेच तिथे हळद लावते. मला हे वाचून फार मजा वाटली होती, कारण पोरं मला वर्षानुवर्षं विचारायची की सर हे पावसाच्या पाण्याने रंगतात का, आणि मी आपला 'हार्मोन' म्हणून वेळ मारून न्यायचो.

विषारी आहे का? नाही. पिवळा म्हणजे विषारी ही समजूत मोबाईलवरून आली. दक्षिण अमेरिकेत कोलंबियात एक सोनेरी पिवळा छोटा बेडूक आहे, फायलोबेटिस टेरिबिलिस, त्याच्या कातडीत खरोखर भयंकर विष असते, तिथले आदिवासी फुंकणीच्या बाणाला ते लावत, त्याचे व्हिडिओ फिरतात. पण तो विषही स्वतः बनवत नाही, रानातल्या खाण्यातून मिळवतो, पिंजऱ्यात वाढवला तर बिनविषारी निघतो. तुमच्या खड्ड्यातल्याचा त्याच्याशी रंग सोडून काही संबंध नाही. आपल्याकडे थोडं जपायचं असेल तर त्या खरबरीत भेकापासून, त्याच्या डोळ्यामागे फुगीर गाठी असतात, कुत्र्याने तोंडात धरला की कुत्रा फेस काढत पळतो. हात लावला तर साबणाने धुवा, डोळे चोळू नका, एवढं दोघांनाही लागू. बाकी पोरांना काठावरून पाहू द्या. खड्डा किती खोल आहे ते मात्र पाहा, मुरमाच्या खड्ड्यात बुडून लेकरं जातात, बेडकाने गेलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

हे बेडूक आले कुठून? पावसासोबत वरून पडतात असं माझी आजी सांगायची. ते तुमच्या पायाखालीच होते. दिवाळीनंतर पाणी आटत जाते तसा हा मऊ मातीत, बांधाच्या कडेला, काळ्या जमिनीच्या भेगांत खाली उतरतो आणि उन्हाळाभर पडून राहतो. श्वास मंद, खाणं बंद, अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. मे महिन्यात शेततळं खोदताना जेसीबीच्या बकेटमध्ये ढेकळासोबत जिवंत बेडूक येतो तो हाच किंवा ह्याचे बिळात राहणारे सोयरे. लोक म्हणतात मातीचा बेडूक झाला. मग मृगाचा पाऊस पडतो, जमीन भिजते, आणि सगळे एकाच रात्री वर येतात. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आलं की म्हातारे खूश होतात, आणि आम्ही लहानपणी पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, वर कडुलिंबाचा डहाळा लावून 'धोंडी धोंडी पाणी दे' करत घरोघर फिरायचो, बाया वरून पाणी ओतायच्या. बेडकाचे हाल व्हायचे, आता तसं करू नये म्हणा, पण पाऊस आणि बेडूक यांची सांगड आपल्या लोकांनी उगाच नाही घातली.

एकाच रात्री काहून? कारण त्याला ताजं, उथळ, मासे नसलेलं पाणी पाहिजे. तलावात, नदीत अंडी घातली तर मासे खाऊन टाकतात. खड्डा काल भरला, त्यात अजून कोणी खाणारं नाही, ही जागा पहिली जो धरेल त्याची. मादी हजारोंनी अंडी घालते, ती दोन-तीन दिवसांत फुटतात आणि महिना-दीड महिन्यात पिल्लं पाय काढून बाहेर पडतात. शर्यत पाणी आटण्याशी आहे. यवतमाळकडे पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांची उघाड पडते हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, तुमची दुबार पेरणी आणि त्यांची वाया गेलेली पिल्लं यांचं कारण एकच.

भैकेर म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं शेवाळ खातात असं पुस्तकात शिकवतात, मीही तसंच शिकवलं. ह्याची पिल्लं मांसाहारी. एका वर्षी मी डबक्यातून ओंजळभर भैकेर आणून घरी टबात ठेवले, त्यात दोन-तीन जातींचे होते, रात्री ठेवले आणि आठवड्याभराने पाहतो तं मोठ्या तोंडाचे मूठभर राहिले, बाकी कोणीच नाही. आधी वाटलं कावळ्याने नेले. मग बसून पाह्यलं. मोठा भैकेर लहान्याच्या पोटाला डसतो आणि सोडत नाही, स्वतःच्या भावंडालाही नाही. कमी पाण्यात, कमी दिवसांत वाढायचं तर शेवाळावर भागत नाही, भावंडाचंच मटण सगळ्यात जवळ असते. बायको म्हणाली हे बाहेर नेऊन ठेवा. मोठा झाल्यावरही सवय जात नाही: किडे, खेकडे, उंदराची पिल्लं, लहान बेडूक, लहान साप, जे तोंडात मावते ते. अंदमानात हा मूळचा नव्हता, माणसांनी नेला, आणि तिथे तो आता डोकेदुखी झाला आहे, त्याची पिल्लं तिथल्या मूळच्या बेडकांच्या पिल्लांचा फडशा पाडतात. मादागास्करलाही तेच. आपल्या मातीत जो घरचा तोच दुसऱ्याच्या बेटावर उपद्रवी, म्हणून बेडूक चांगला की वाईट हा प्रश्न जागा सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

तर आता रिसर्च.

बेडूक शास्त्राच्या कामी आला हे खरंच आहे, आणि फार जुनं आहे. इटलीत गॅल्व्हानीने अठराव्या शतकात बेडकाच्या तुटलेल्या तंगडीला धातू लावून ती आखडताना पाह्यली आणि नसांमधून वीज वाहते या विचाराला तिथून वाट फुटली. १९२१ साली ओटो लोवीने दोन बेडकांची हृदयं घेतली, एकाची नस चेतवून ते मंद केलं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर टाकलं तं दुसरंही मंद झालं. नस हृदयाशी रसायनाने बोलते हे त्यातून कळलं, त्याला १९३६ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेचा नखवाला बेडूक, झेनोपस, १९३० च्या दशकापासून गरोदरपणाच्या तपासणीला वापरायचे. बाईची लघवी मादीला टोचायची, बाई गरोदर असली तर बेडकीण अर्ध्या-एक दिवसात अंडी घालते. त्याच झेनोपसच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक काढून जॉन गर्डनने १९६२ साली दाखवलं की त्यातून अख्खा जीव उभा राहतो, त्याचं नोबेल २०१२ मध्ये, पन्नास वर्षं थांबला बिचारा.

ही नावं मी परीक्षेसाठी सांगत नाही. ह्यात एक गोष्ट पाहा. जगभरच्या लॅबमध्ये झेनोपस गेला, आपला बैलबेडूक गेला नाही. काहून? झेनोपस टाकीतल्या पाण्यात राहतो, वर्षभर केव्हाही इंजेक्शन देऊन अंडी मिळतात, पिढ्यानपिढ्या तिथेच वाढतो. आपला पठ्ठ्या मृगाची वाट पाहतो. ज्याला रोज प्रयोग करायचा तो वर्षातून दोन दिवस रंगणारा प्राणी कशाला ठेवेल. म्हणजे 'कंपनीला हेच पिवळे पाहिजेत' हे ऐकतानाच कान टवकारले पाहिजेत, पिवळा रंग तर कंपनीपर्यंत पोचायच्या आधीच उतरतो.

पण थांबा, ह्याच बैलबेडकावर एक काम आपल्याच देशात झालं आहे आणि ते भारी आहे. उकिरड्याशेजारच्या डबक्यात, जंतूंच्या कढीत हा जन्मभर ओल्या उघड्या कातडीने बसतो, आणि कातडी सडत नाही. ही गोष्ट अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांना खटकली, झेनोपसवर टाके घालून तो घाण पाण्यात सोडला तरी जखम चिघळत नाही, आणि १९८७ साली त्यांनी कातडीतून जंतू मारणारी छोटी प्रथिनं काढली, मॅगेनिन. मग चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणूंवर संशोधन करणारी सरकारी संस्था) यांच्या लोकांनी आपल्या बैलबेडकाच्या कातडीच्या स्रावात पाह्यलं आणि २००१ मध्ये चार नवीन तुकडे सापडल्याचं छापलं, नाव दिलं टायगेरिनिन. तुकडे म्हणजे इतके लहान की एकेकात अमिनो आम्लाचे अकरा-बारा मणी, बस. पुढे केरळात दुसऱ्या एका बेडकाच्या कातडीत फ्लूच्या काही विषाणूंना मारणारा तुकडा मिळाला, २०१७ ची गोष्ट, त्याला तिथल्या लवचिक तलवारीवरून उरुमिन म्हणतात. त्या बेडकाचं नाव हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा, आणि हे अस्सल देशी नाव त्याला २०१५ साली ठेवलं ते पुण्याच्या मंडळींनी.

मग तो माणूस खरं बोलतो का? इथेच मेख आहे. टायगेरिनिनचे मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत हे एकदा कळलं की तो तुकडा लॅबमध्ये यंत्रावर बनतो, ग्रॅमच्या हिशोबाने. त्यासाठी बेडूक लागत नाही. एकही नाही. आणि सुरुवातीला जो स्राव घेतात तोही बेडूक मारून नाही, कातडीला हलका विजेचा झटका दिला की अंगावर पांढरट चिकट पाझरते ते धुऊन घेतात. नगावर भाव लावून पोतंभर बेडूक घेणारा संशोधक मी आयुष्यात पाह्यला नाही. आणि औषधाचं म्हणाल तर मॅगेनिनवरून बनवलेलं मधुमेहींच्या पायाच्या जखमेचं मलम १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने मंजूर केलं नाही. जंतू बशीत मरतात आणि माणसाच्या पायावर मरत नाहीत, किंवा जुन्या औषधापेक्षा जास्त मरत नाहीत, हा फरक फार मोठा असतो.

पोत्याने बेडूक घेणारे मात्र मी पाह्यले आहेत, आणि सांगायला लाज वाटते, विकत घेणाऱ्यांत मीही होतो. तालुक्याच्या कॉलेजात सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली पहिली बरीच वर्षं प्रॅक्टिकलला हाच बेडूक. पुरवठादार ओल्या पोत्यात आणायचा, खालचे अर्धे मेलेले, आम्ही मोजून सही करायचो. एका वर्षी संस्थेच्या ऑफिसने दोन बॅचचे पैसे अडवून धरले, त्याने पोतं व्हरांड्यात टाकलं आणि निघून गेला, सुट्ट्या लागल्या होत्या, चौथ्या दिवशी शिपायाने वासावरून सांगितलं. नंतर यूजीसीने २०१४ मध्ये कॉलेजातलं विच्छेदन बंद केलं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कुरकुर केली, मी केली नाही. मुलांना हृदयाचे तीन कप्पे चित्रावरूनही तेवढेच कळतात, खरं तर जास्त कळतात, कारण कोणी चक्कर येऊन पडत नाही.

आणि मोठा बाजार वेगळाच होता. बेडकाच्या तंगड्या युरोप-अमेरिकेला जायच्या, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार हजार टनांच्या आसपास, आणि त्यात मोठा वाटा ह्याच बैलबेडकाचा, कारण मांडी जाड. १९८५ मध्ये ह्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंदच केली. बेडूक गेले की कीड वाढते आणि फवारणीचा खर्च वाढतो, हा तेव्हाचा मुद्दा होता. बेडूक रोज स्वतःच्या वजनाएवढे किडे खातो असं तेव्हा सर्रास म्हणत, मला ते जरा फुगवलेलं वाटते, पण बांधीत रात्री टॉर्च मारून पाहा, तो बसल्या जागी काय काय गिळतो.

कायद्याचं दोन ओळीत: परवानगीशिवाय हा पकडणं, विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कोणाला खरंच धंद्यासाठी जैविक साधन पाहिजे असेल तर त्याला जैवविविधता कायद्याखाली रीतसर कागद करावे लागतात, आपल्या राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. त्या माणसाला एवढंच म्हणा की मंडळाचं पत्र घेऊन ग्रामपंचायतीत या. फोन येणार नाही परत. नंबर आणि मेसेज मात्र डिलीट करू नका, पोलीस पाटलाला किंवा फॉरेस्टच्या गार्डला दाखवून ठेवा.

आता पुतणीची गोष्ट. माझ्या मते तुमच्या खड्ड्याची रिसर्चच्या हिशोबाने जी किंमत आहे ती बेडकाच्या अंगात नाही, तो कोणत्या तारखेला, किती पावसाने, कुठे बोलला ह्यात आहे. टायगेरिनिन हैदराबादला बनते. पण तुमच्या गावात यंदा पहिली डराव कधी ऐकू आली हे हैदराबादला बसून कोणालाच कळत नाही. सह्याद्रीतल्या बेडकांवर भरपूर लिहिलं जाते, तिथे दरवर्षी नवीन जात निघते, रिसर्चवाले तिकडेच जातात, आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या साध्या बेडकाकडे कोणी पाहत नाही कारण तो 'कॉमन' आहे. कॉमन आहे तोवर कोणी मोजत नाही, आणि कमी झाला हे सांगायला मग आधीचा आकडाच नसतो.

मी रिटायर झाल्यावर भंडारा जिल्ह्यात मूळ गावी आलो, तिथे मामा तलाव (मालगुजारीच्या काळातला जुना तलाव) आहे, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, धानाच्या बांधीत पाणी महिना महिना टिकते. इथे बेडकाचं गणित वेगळं आहे, पहिल्या पावसाला चुकला तरी दुसरी संधी मिळते. तुमच्याकडे उताराची काळी जमीन, पाणी वाहून जाते, म्हणून तो मुरमाचा खड्डा एकटा सगळ्या शिवाराचं बाळंतपण करतो. नोकरीच्या गावी आणि इथे, दोन्हीकडे मी एकच वही ठेवली, पहिला मोठा पाऊस कोणत्या तारखेला आणि पहिला कोरस कोणत्या रात्री. पावसाला एका रात्रीच्या वर उशीर क्वचित झाला. उशीर झाला तो त्या वर्षी, जेव्हा पाऊस पडला पण जमीन आतून भिजली नव्हती, नुसती धूळ बसली होती. तेव्हापासून मी पेरणीच्या बाबतीत शेजाऱ्याला सांगतो की बेडूक ओरडले का ते विचार आधी. पूर्ण भरवसा ठेवू नका, बेडकाला दीड महिन्याचं पाणी पाहिजे तर कपाशीला चार महिन्यांचं, आणि पुढची उघाड त्यालाही कळत नाही, तोही फसतो.

तर पुतणीला सांगा, एक साधी वही घ्यायची. तारीख, वेळ, काल रात्री किती मिलिमीटर पाऊस (महसूल मंडळाचा आकडा मिळतो, नाही तर सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी), किती पिवळे दिसले, आवाज कधी सुरू कधी बंद. मोबाईलवर एक मिनिट आवाज रेकॉर्ड करायचा. पुढे दर तीन दिवसांनी खड्ड्यात एक काठी रोवून त्यावर पाण्याची खूण, आणि चहाच्या गाळणीने एक डुबकी मारून किती भैकेर आले, मोजून परत पाण्यात. फोटो, ठिकाण आणि तारीख आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येते, चुकीचं नाव टाकलं तरी कोणीतरी जाणकार दुरुस्त करतो. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर त्यात बेडकांचं पान बहुतेक कोरं असेल, ते भरा म्हणा. अकरावीच्या प्रोजेक्टला हे चालते का ते तिच्या मॅडमवर आहे, काही मॅडमना चार्ट पेपरच लागतो.

आणि एक विनंती तुम्हाला, पुतणीला नाही. त्या खड्ड्यात फवारणीचा पंप धुऊ नका आणि कोणाला धुऊ देऊ नका. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने ओढतो, म्हणजे जे पाण्यात ते अंगात. तणनाशकाचा मुख्य घटक बाजूला ठेवा, पानाला चिकटावं म्हणून त्यात जे साबणासारखं मिसळतात तेच पिल्लांच्या कल्ल्यांना भोवते. ॲट्राझिन नावाच्या तणनाशकावर अमेरिकेत टायरोन हेझ यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१० साली छापलं की अगदी थोड्या प्रमाणात वाढवलेल्या झेनोपसच्या नरांपैकी दहातला एक मादी होऊन अंडी घालू लागला. ह्यावर कंपनीवाल्यांशी आणि इतर शास्त्रज्ञांशी त्यांचं जोरदार भांडण आहे, सगळ्यांना तसंच दिसलं असं नाही, म्हणून मी ते पक्कं म्हणून सांगत नाही. पण पंप दुसरीकडे धुवायला काही खर्च येत नाही.

विहिरीत पडलेल्या बेडकांनी पाणी खराब होते का हेही तुम्ही शेवटी विचारलं. एखादा जिवंत असेल तर काही होत नाही, मेलेला सडला तर होते, तो काढून ब्लीचिंग पावडर टाका. कठडा नसेल तर बांधून घ्या, रात्री ते बिचारे पाण्याच्या वासाने येतात आणि मग वर चढता येत नाही. एक जुना दोर किंवा बांबू आत सोडून ठेवला तरी बरेच निघतात.

पाऊस होऊन चार दिवस झाले म्हणता, म्हणजे अंडी फुटली असतील. उद्या सकाळी जाऊन काठाच्या उथळ पाण्यात पाहा, तिळाएवढे काळे ठिपके हलताना दिसले तर मला कळवा, आणि पाण्याची खोली बोटांनी मोजून सांगा. गुडघ्याच्या वर असेल तर ही पिल्लं उघाड काढतील, घोट्याएवढं असेल तर सांगता येत नाही.